पाच वॉर्डांत अख्खा बीड जिल्हा

बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत माणसं भरली २५ लाख ८५ हजार ४९. तालुके अकरा, गावं तेराशेच्या वर. टोकियोला निघालेल्या बीडकराने पासपोर्टाबरोबर हे आकडेही खिशात ठेवावेत. तिथले आकडे ऐकताना माणूस नुसती मान डोलावतो, कारण एका हद्दीपलीकडे लाख काय, कोटी काय आणि अब्ज काय, कानाला सगळं सारखंच लागतं. मापायला घरचं माप हवं.

आधी मोठ्यातला मोठा आकडा घेऊ. टोकियो आणि त्याला चिकटलेले कानागावा, साइतामा, चिबा असे चार प्रांत मिळून जो पसारा होतो त्याचं क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटर. बीड जिल्ह्याला शेजारचे आणखी तीन तालुके जोडले तर जेवढं होईल साधारण तेवढंच. त्यात राहतात ३ कोटी ६९ लाख माणसं. मराठवाड्याचे आठही जिल्हे एकत्र केले तर २०११ ची लोकसंख्या भरते १ कोटी ८७ लाख आणि क्षेत्रफळ ६४ हजार चौरस किलोमीटरांच्या वर. म्हणजे मराठवाड्याच्या जवळजवळ दुप्पट माणसं, आणि जागा मराठवाड्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी. आष्टीपासून परळीपर्यंत बीड जिल्हा त्याच दाटीने भरायचा ठरवला तर २ कोटी ९० लाख माणसं आणून बसवावी लागतील. शिवाय त्या साडेतेरा हजारांत पश्चिमेचे डोंगर आहेत, जंगल आहे, भातखाचरं आहेत. तिथं माणूस विरळच.

खुद्द शहर म्हणजे मधले २३ वॉर्ड. त्यांना जपानीत 'कु' म्हणतात. 'वॉर्ड' ऐकून आपल्या डोळ्यांसमोर नगरपालिकेचा प्रभाग येतो, एक नगरसेवक आणि दोन तुंबलेल्या नाल्या. इथल्या प्रत्येक वॉर्डाला स्वतःचा निवडून आलेला महापौर आहे, सभागृह आहे, अंदाजपत्रक आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे ३५ वॉर्ड होते, १९४७ मध्ये त्यांचे २३ झाले. क्षेत्रफळ सगळ्यांचं मिळून ६२८ चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेत माणसं ९७ लाख ३३ हजार. चौरस किलोमीटरला साडेपंधरा हजार पडतात. बीड जिल्ह्यात २४२.

इथं एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे, कारण तो बहुतेकांच्या समजुतीच्या उलट जातो. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर आणि २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. चौरस किलोमीटरला साडेवीस हजार. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एकाचा गाभा मुंबईपेक्षा मोकळा आहे. टोकियोतला सर्वांत दाट वॉर्ड तोशिमा, तिथं हा आकडा तेवीस हजारांवर जातो. तोशिमाच्या गल्लीत मात्र दाटी जाणवत नाही. दुमजली घरं, दारासमोर ओळीनं कुंड्या, एखादी सायकल, आणि भर दुपारी गल्लीत कुणीच नाही. इतकी माणसं गेली कुठं, हा प्रश्न टोकियोच्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी पडतो. त्याचं उत्तर स्टेशनात मिळतं.

शिंजुकु स्टेशन कोरोनाच्या आधीच्या वर्षांत दिवसाला ३५ लाखांच्या वर प्रवासी हाताळत होतं आणि जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद आहे. बीड जिल्ह्यातला प्रत्येक माणूस, पाळण्यातल्या लेकरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत, एका दिवसात त्या एका स्टेशनातून काढला तरी वर नऊ लाखांहून जास्त उरतात. पण इथं थोडं थांबावं. जपानी रेल्वेवाले चढणारा आणि उतरणारा वेगवेगळा मोजतात आणि गाडी बदलताना कंपनी बदलली तर पुन्हा मोजतात. सकाळी कामाला येऊन संध्याकाळी घरी जाणारा एकच माणूस त्या आकड्यात निदान दोनदा असतो. डोकी निम्मी धरली तरी साडेसतरा लाख होतात, म्हणजे जिल्ह्यातल्या दर तिघांतले दोघे. रोज. बाहेर पडायला वाटा दोनशेच्या वर आहेत आणि नवख्या माणसाला त्यांतली बरोबर वाट सापडणं हा योगायोग. पाटीवरचा आकडा पाहून चालायचं, माणसांच्या लोंढ्यामागं जायचं नाही. लोंढा आपापल्या कामाला निघालेला असतो, तुमच्या हॉटेलला नव्हे.

हे स्टेशन एवढं का फुगलं? १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात पूर्वेकडचं जुनं शहर जळालं आणि लोक पश्चिमेकडच्या माळावर सरकू लागले. खासगी रेल्वे कंपन्यांनी तिकडं रूळ टाकले, रुळांच्या कडेची जमीन घेतली, भूखंड पाडून विकले आणि जिथं गाडी संपते तिथं स्वतःचं भलंमोठं दुकान उघडलं. शिंजुकुत केओ आणि ओदाक्यू या कंपन्यांची दुकानं रेल्वेच्याच नावाने चालत आली. सकाळी माणसं शहरात आणायची, संध्याकाळी खरेदी करायला लावून परत न्यायची. भाडंही आपलं आणि गिऱ्हाईकही आपलं. तिकिटापेक्षा जमिनीत पैसा आहे हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

रेल्वेचा विषय निघालाच आहे आणि बीडच्या माणसाला तो टाळून पुढं जाता येत नाही. टोकियोत भुयारी रेल्वे सुरू झाली १९२७ मध्ये, उएनो ते आसाकुसा, फक्त २.२ किलोमीटर. आज १३ मार्ग आणि सुमारे ३०० किलोमीटर, ही फक्त भुयारी. टोकियो ते ओसाका ५१५ किलोमीटरची बुलेट ट्रेन १९५९ मध्ये बांधायला घेतली आणि १ ऑक्टोबर १९६४ ला चालू केली. साडेपाच वर्षं. आपला अहिल्यानगर–बीड–परळी मार्ग २६१ किलोमीटरचा. मंजुरी १९९५ ची, तेव्हाचा अंदाज ३५३ कोटी. आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मधल्या तीस वर्षांत किती निवडणुका या रुळांवरून धावल्या ते मोजत बसत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोच्या त्सुकुबा एक्स्प्रेसची एक लोकल ठरल्या वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली. कुणी तक्रार केली नव्हती, तरी कंपनीने जाहीर माफी मागितली. पुढची गाडी चार मिनिटांनी होती.

आता मूळ मुद्दा. हे शहर पाहायचं कसं?

पहिल्यांदा जाणारा यादी घेऊन जातो. शिबुया चौक, आसाकुसा, स्कायट्री, गिन्झा. शिबुयाच्या चौकात गर्दीच्या वेळी एकदा सिग्नल हिरवा झाला की तीन हजारांपर्यंत माणसं पाचही बाजूंनी एकदम रस्ता ओलांडतात. आपल्याकडचं एक भरलेलं मोठं गाव दर दोन मिनिटांनी या कडेचं त्या कडेला जातं. बघायला मजा वाटते, दोनदा ओलांडून होतं, फोटो निघतो आणि मग करायला काही उरत नाही. यादीतल्या जागा अशाच असतात. शहर यादीच्या मधल्या जागेत असतं.

टोकियोतल्या बहुतेक रस्त्यांना नाव नाही. मुख्य हमरस्ते सोडले तर गल्ल्या बिननावाच्या. पत्ता लिहिताना आधी वॉर्ड, मग वस्तीचं नाव, मग 'चोमे' म्हणजे त्या वस्तीचा क्रमांक दिलेला तुकडा, मग त्या तुकड्यातला गट आणि शेवटी घर. म्हणजे रेषेला नाव न देता क्षेत्राला दिलेलं. १९६२ च्या कायद्याने ही पद्धत बसवली. त्याआधी घरांचे क्रमांक नोंदणीच्या क्रमाने असत, त्यामुळे तीन नंबरच्या घराशेजारी सत्तावीस नंबर सापडे, आणि काही जुन्या भागांत अजून सापडतो. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. गट नंबरावरून शेत ओळखणाऱ्या तलाठ्याला टोकियोचा पत्ता पाच मिनिटांत कळेल. नाहीच सापडला तर कोपऱ्यावर 'कोबान' असतं, पोलिसांची एका खोलीची चौकी. टोकियोत अशा आठशेच्या वर चौक्या आहेत आणि तिथल्या पोलिसाच्या दिवसाचा बराचसा भाग नकाशावर बोट ठेवून वाट सांगण्यात जातो. दुसरं काम हरवलेल्या वस्तूंचं. टोकियोच्या पोलिसांकडे वर्षाला ४० लाखांच्या वर सापडलेल्या वस्तू जमा होतात, दिवसाला सरासरी अकरा हजार. त्यांत एकट्या छत्र्या तीन लाखांच्या घरात, आणि छत्री न्यायला कुणी येत नाही. रोख रकमेचे मालक मात्र बहुतेक सापडतात.

तर हे चोमे. २३ वॉर्डांत ते तीन हजारांहून अधिक आहेत. भागाकार केला तर एका चोमेच्या वाट्याला सरासरी पन्नास एकर जागा आणि तीन हजार माणसं येतात. महाराष्ट्राच्या सीलिंगच्या कायद्यात एका कुटुंबाला कोरडवाहू जमीन ५४ एकरांपर्यंत ठेवता येते. तेवढ्या जागेत इथं एक अख्खं गाव बसलंय, आणि ते बीड जिल्ह्यातल्या सरासरी खेड्याच्या दुप्पट वस्तीचं. त्या गावाला स्वतःची रहिवाशांची मंडळी आहे, वर्गणी आहे, उत्सव आहे, कचरा कोणत्या वारी कुठं ठेवायचा यावरून होणारी कुरबुर आहे. बीड जिल्ह्यात तेराशे गावं दहा हजार चौरस किलोमीटरांवर विखुरलीत. टोकियोत तीन हजार गावं सहाशे चौरस किलोमीटरांत खांद्याला खांदा लावून बसवलीत. पावणेचार कोटींचा आकडा डोक्यात घेऊन फिरणाऱ्याला हे शहर पेलत नाही. एका दिवशी एक गाव, फार तर दोन, असं फिरावं. स्टेशनवर उतरावं, अर्ध्या तासात वेशीपर्यंत चालून यावं. वेस ओलांडली की दुसऱ्या गावाची दुकानं सुरू होतात.

यानाका हे असंच एक गाव. उत्तरेला, उएनोच्या पलीकडे. भूकंपातून आणि युद्धातून बरंचसं वाचलं म्हणून जुनं राहिलं. देवळं सत्तरच्या आसपास. बाजाराची गल्ली १७० मीटरची आणि दुकानं साठेक; दोन्ही बाजूंची मिळून धरली तर एका दुकानाला तोंड साडेपाच-पावणेसहा मीटर. मासे, तळलेले वडे, चहा, बांबूच्या वस्तू. बीडच्या सुभाष रोडवर संध्याकाळी फिरलेल्या माणसाला इथं परकं वाटत नाही, फक्त हॉर्न ऐकू येत नाही आणि त्यामुळे थोडं चुकल्यासारखं होतं.

सुगामो त्याहून गमतीचं. टोकियोच्या आज्ज्यांचं हे बाजारगाव. आठशे मीटरची सरळ गल्ली, दोनशेच्या आसपास दुकानं, आणि विक्रीला काय तर गुडघ्याला बांधायचे पट्टे, लोकरीच्या टोप्या, गोड मोची, आणि लालभडक अंतर्वस्त्रं, कारण लाल रंग अंगाला लागून राहिला की ऊब आणि बळ येतं असा समज. मध्ये कोगानजी नावाचं देऊळ. तिथल्या दगडी मूर्तीचा जो भाग ओल्या कपड्यानं पुसाल, तुमच्या अंगाचा तोच भाग दुखायचा थांबतो म्हणतात. आज्ज्या रांगेत उभ्या राहून मूर्तीचे गुडघे पुसतात. महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला इथं जत्रा भरते, दर दहा दिवसांनी भरणारा बाजार म्हणा. आपल्याकडे वारावर बाजार भरतो, इथं तारखेवर, एवढाच फरक. पाहुण्यांच्या यादीत सुगामो नसतं. मला विचाराल तर शिबुयाच्या आधी इथं जावं.

जिम्बोचो हे पुस्तकांचं गाव, जुन्या पुस्तकांची दुकानं शंभरावर. तिथं तासभर ठरवून गेलेला माणूस दिवेलागणीला बाहेर पडतो. शिंजुकुच्या मागची गोल्डन गाई म्हणजे सहा बोळ आणि दोनशेच्या वर मद्यालयं, एकेकात सहा-आठ माणसं मावतील एवढीच जागा. नववा आला की आधीच्या एकाने उठायचं.

आसाकुसा मात्र यादीत असूनही चुकवू नये. तिथलं सेन्सोजी देऊळ परंपरेने ६२८ सालचं मानतात. दोघा कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून मूर्ती आली अशी कथा. त्या साली आपल्याकडे बदामीच्या गादीवर दुसरा पुलकेशी होता. देवळात वर्षाला तीन कोटी माणसं येतात, म्हणजे बीड जिल्हा वर्षातून अकरा-बारा वेळा दर्शन घेऊन जातो असं समजा. वेशीवर टांगलेला लाल कंदील ३.९ मीटर उंच आणि ७०० किलो वजनाचा. १९६० मध्ये तो मात्सुशिता कोनोसुके या उद्योगपतीने दिला. मे महिन्यात सांजा उत्सव भरतो तेव्हा भोवतालच्या ४४ वस्त्या आपापल्या पालख्या घेऊन येतात. लहानमोठ्या धरून शंभरएक पालख्या होतात. कुठल्या वस्तीची पालखी आधी आणि कुणाची जास्त जोरात हलली यावरून जे चालतं ते पाहून मराठी माणसाला दुभाषा लागत नाही.

आता मध्यभागाकडे या. चियोदा वॉर्डात सम्राटांचा राजवाडा आहे, आवार ११५ हेक्टर, आपल्या भाषेत २८४ एकर, भोवती खंदक आणि आत गर्द झाडी. या वॉर्डात रात्री झोपायला असतात जेमतेम ६७ हजार माणसं. दिवसा हाच आकडा साडेआठ लाखांच्या वर जातो. तेरा पट. मंत्रालयं, बँका आणि कंपन्यांची कार्यालयं इथं असल्याने सकाळी भरती येते आणि रात्री ओहोटी. आपल्या जिल्ह्यात ही भरती-ओहोटी वर्षातून एकदा होते. दिवाळी आटोपली की धारूर, वडवणी, केज, शिरूरकडची गावंच्या गावं उचल घेऊन, बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये संसार टाकून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अशी काही लाख माणसं चार-सहा महिने बाहेर, आणि गावात म्हातारी, लेकरं आणि कुलपं. चियोदाचा चाकरमानी रात्री घरी जेवायला जातो. आपला माणूस गुढीपाडव्याच्या आगेमागे परततो. स्थलांतराची मोजणी करणाऱ्यांनी दोन्ही आकडे एका तक्त्यात मांडले तर ते शेजारी-शेजारी बसतील, पण एकाला पगारी पास आहे आणि दुसऱ्याच्या डोक्यावर मुकादमाची बाकी.

चियोदाच्या खालच्या अंगाला गिन्झा. २०१९ च्या सरकारी दरपत्रकात तिथल्या सर्वांत महाग भूखंडाचा भाव चौरस मीटरला ५ कोटी ७२ लाख येन होता. त्या वेळच्या दराने साडेतीन कोटी रुपयांच्या वर. ही जमीन एकराने विकत घ्यायची म्हटली तर साडेचौदा हजार कोटी रुपये लागले असते. बांधावरच्या वितभर जागेसाठी तालुका कोर्टात पिढ्या घालवणाऱ्या आपल्या लोकांना निदान या एका ठिकाणी दाव्याचा खर्च परवडला असता.

इथून पूर्वेला सुमिदा नदी ओलांडली की जे सुरू होतं त्यासाठीच ते पहिले आकडे खिशात ठेवायला सांगितले होते. सुमिदा, कोतो, आदाची, कात्सुशिका आणि एदोगावा, हे पूर्वेचे पाच वॉर्ड. क्षेत्रफळ पाचांचं मिळून १९५ चौरस किलोमीटर. २०२० ची लोकसंख्या २६ लाख ४२ हजार. बीड जिल्हा २०११ मध्ये २५ लाख ८५ हजार. अख्खा जिल्हा, अकरा तालुक्यांसकट, पंचावन्नाव्या हिश्श्याच्या जागेत. चौदा किलोमीटर लांब-रुंद चौकोन काढा. त्याच्या एका टोकाहून निघालेला सायकलवाला तासाभरात दुसऱ्या टोकाला पोहोचतो.

हा भाग टोकियोचा गरीब, कष्टाचा आणि सर्वांत जास्त सोसलेला. १९२३ च्या भूकंपाची तीव्रता ७.९. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप मराठवाड्यात कुणी विसरलेला नाही, त्याची ६.२. ऐकायला फरक १.७ चा, पण या मापात एकेक पायरी चढताना शक्ती बत्तीस-बत्तीस पट वाढत जाते, आणि तो १.७ चा फरक साडेतीनशे पटींवर जातो. वेळ होती सकाळचे ११ वाजून ५८ मिनिटं, घरोघर चुली पेटलेल्या. एक लाख पाच हजार माणसं गेली, बहुतेक आगीत. त्यांतली ३८ हजार आजच्या सुमिदा वॉर्डातल्या एका मोकळ्या मैदानात गेली, कारण मोकळी जागा म्हणून सगळे सामान घेऊन तिथंच जमले होते आणि आगीच्या वावटळीनं ते मैदानच गाठलं. बावीस वर्षांनी, १० मार्च १९४५ च्या पहाटे अमेरिकी विमानांनी याच वस्त्यांवर आगीचे बॉम्ब टाकले. एका रात्रीत सुमारे एक लाख मृत, ४१ चौरस किलोमीटर राख, दहा लाख बेघर. आसाकुसाचं देऊळही त्याच रात्री जळालं. आज दिसतो तो मुख्य मंडप १९५८ चा. म्हणून या भागात जुनं काही शोधू नये. जुन्या आहेत त्या गल्ल्यांच्या रेषा आणि माणसांच्या सवयी.

कोतो वॉर्डाचा समुद्राकडचा भाग भर टाकून केलेली जमीन आहे. तिथं तोयोसुला शहराचा मासळीबाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये हलवला गेला. जानेवारी २०१९ च्या पहिल्याच लिलावात २७८ किलोचा एक टूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला, म्हणजे एकवीसएक कोटी रुपये. किलोला साडेसात लाख. घेणारा सुशीच्या दुकानांचा मालक होता आणि त्याला मासा कमी, बातमी जास्त हवी होती. पहाटे उठून लिलाव पाहायला काचेआड उभं राहता येतं. आपल्या मोंढ्यातला आरडाओरडा मनात ठेवून जाणाऱ्याची थोडी निराशा होईल. इथं हाताच्या बोटांवर भाव ठरतो आणि काही सेकंदांत माल हलतो.

आणि एदोगावा. पन्नास चौरस किलोमीटर, सात लाखांना दोन हजार कमी. यातल्या निशी-कासाई स्टेशनच्या आसपास मराठी कानावर पडायला लागतं. संगणकांना २००० साल ओळखता येणार नाही अशी भीती जगाने घेतली होती तेव्हा जपानी बँकांनी आणि कंपन्यांनी भारतातून अभियंते बोलावले. त्यांची कचेरी मध्यभागातल्या ओतेमाची-निहोनबाशीकडे, आणि तोझाई रेल्वेमार्गाने तिथून पाव तासावर परवडणाऱ्या भाड्याचं घर मिळे ते इथं. पहिला राहिला, त्याने दुसऱ्याला पत्ता दिला आणि वस्ती झाली. आज एदोगावात भारतीय पाच हजारांच्या वर आहेत. तूरडाळ आणि हिंग मिळतं, मुलांसाठी शाळा आहेत, गणपती बसतो. एप्रिल २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातले, पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक या वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. भारतात जन्मून जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले. मतं ६,४७७ आणि ४४ जागांत क्रमांक पाचवा. इथं मतदान करता यायला जपानी नागरिकत्व लागतं, तेव्हा ही मतं बहुतांश जपानी शेजाऱ्यांची. एवढ्या मतांवर आपल्याकडे जिल्हा परिषदेचा गटसुद्धा सहसा निघत नाही.

पण या वॉर्डातला खरा आकडा पाण्याचा आहे. एदोगावाची सत्तर टक्के जमीन भरतीच्या वेळच्या समुद्रपातळीखाली आहे. शेजारच्या कोतोत मिनामिसुना नावाच्या भागात तर विसाव्या शतकात जमीन साडेचार मीटर खाली बसली, कारण कारखान्यांनी भूगर्भातलं पाणी उपसून काढलं. उपसा बंद केल्यावर खचणं थांबलं, पण खाली गेलेली जमीन वर येत नाही. बोअरवर बोअर पाडणाऱ्या आपल्या जिल्ह्याखाली काळा पाषाण आहे, त्यामुळे जमीन तेवढी जागेवर राहते. पाणीच काय ते खाली जातं.

शहराच्या उत्तरेला, साइतामात कासुकाबेजवळ, पुराचं पाणी वळवायला जमिनीखाली पन्नास मीटरांवर ६.३ किलोमीटर लांबीचा बोगदा खणलाय. १९९३ ला काम सुरू, २००६ ला पुरं. बोगद्याच्या टोकाला १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद, १८ मीटर उंच टाकी आणि तिला तोलून धरायला ५९ खांब, एकेक पाचशे टनांचा. पाहुण्यांना तिकीट काढून आत उतरता येतं. तिथले पंप पूर्ण ताकदीने चालले तर सेकंदाला दोन लाख लिटर पाणी नदीत फेकतात. बारा हजार लिटरचे सोळा टँकर, एका सेकंदात. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आठवा. पन्नास वाघिणींची ती गाडी एका खेपेत २५ लाख लिटर आणायची. कासुकाबेच्या पंपांना तेवढं पाणी बाहेर टाकायला साडेबारा सेकंद लागतात.

एवढं करूनही एदोगावाला भरवसा नाही. मे २०१९ मध्ये वॉर्डाने घरोघर पुराचा नकाशा वाटला. त्यावर रहिवाशांना बजावलं होतं की मोठा पूर आला तर इथं थांबू नका, वॉर्डाबाहेर जा. पाणी काही ठिकाणी दहा मीटरांपर्यंत चढेल आणि दोन आठवडे उतरणार नाही असं त्यात होतं. पाचही वॉर्डांची मिळून योजना अशी की वादळाच्या ७२ तास आधी एकत्र बसून विचार सुरू करायचा, ४८ तास आधी लोकांना स्वतःहून निघायला सांगायचं आणि २४ तास आधी हुकूम काढायचा, म्हणजे वाऱ्यामुळे गाड्या बंद पडायच्या आत माणसं निघतील. हलवायची माणसं अडीच लाख नव्हेत, पंचवीस लाख. आपल्या मापात मोजायचं तर एसटी महामंडळाकडे राज्यभर मिळून पंधराएक हजार गाड्या आहेत. एका गाडीत पन्नास माणसं धरली तर बीड जिल्हा रिकामा करायला त्या सगळ्यांना साडेतीन खेपा माराव्या लागतील. निशी-कासाईतल्या मराठी घरांनाही हाच नकाशा मिळाला आहे, आणि त्यांना तोझाई मार्गाने पश्चिमेला निघायचं आहे, शिंजुकुच्या दिशेने.